मळ, रंग आणि उटणे



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, ते डॉक्टर आयुष्यभर खेडोपाडी फिरून कुष्ठरोगाचे चट्टे शोधत राहिले. रुग्णाला खिडकीशी उजेडात उभे करायचे, सदरा काढायला लावायचा आणि औषधाचे नाव काढण्याआधी कातडीकडे नीट बघायचे, ही त्यांची शिस्त होती. आम्हा पुढच्या पिढीतल्या त्वचारोग डॉक्टरांना ती वारशाने मिळाली. अशा माणसाच्या नावाने बोलताना मी अंगावरची मृत त्वचा काढण्याच्या पद्धती हा विषय निवडला, तेव्हा एका स्नेह्यांनी विचारले, ‘हा तर पार्लरचा विषय. व्याख्यानमालेत कशाला?’

कशाला, ते सांगते. आमच्या ओपीडीतल्या सकाळच्या रांगेत चेहरा उजळावा म्हणून काहीतरी घासून, चोळून, लावून आलेली माणसे रोज असतात. त्यांत नवरी मुलगी असते, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा असतो, साठीच्या आजीही असतात. पैसे गेलेले असतात आणि आधी नव्हता तो डाग पडलेला असतो. मोबाइलवर रोज नवा उपाय येतो. त्याला उत्तर द्यायला आमच्यापैकी कुणाला वेळ नसतो. रुग्णाला दिलेल्या पाच मिनिटांत हे सगळे सांगून होत नाही. आज मला तासभर मिळाला आहे.

माझे म्हणणे आधीच मांडते. कातडी आपली झड आपणच करत असते. कधीकधी तिला मदत लागते, आणि ती कुठे व किती द्यायची हे कळले तर उटण्यापासून आम्लापर्यंत सगळ्या पद्धती कामाच्या आहेत. पण आपल्याकडे घासण्यामागे बहुतेक वेळा रंग उतरवण्याची आशा असते. त्या आशेपायीच आपली सावळी कातडी अधिक काळवंडते.

आता ही झड कशी होते ते पाहू. बाह्यत्वचेच्या तळाशी पेशी जन्माला येतात आणि वर सरकत जातात. सरकताना त्या चपट्या होतात, त्यांतले केंद्रक नाहीसे होते, आत केराटिन नावाचे चिवट प्रथिन भरते. पृष्ठभागाशी पोचेपर्यंत पेशी मेलेली असते. अशा मृत पेशींचे पंधरा-वीस पदर मिळून वरचा थर होतो. चेहऱ्यावर किंवा हातावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकी. तरुण माणसात तळापासून गळून पडेपर्यंतचा प्रवास साधारण महिनाभराचा, उतारवयात तो चाळीस दिवसांच्या पुढे जातो. ‘मृत त्वचा’ म्हटले की काहीतरी टाकाऊ, शरीराने विसरलेला कचरा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हाच मृत थर आपल्याला जिवंत ठेवतो. आतले पाणी तो बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरचे जंतू आत येऊ देत नाही. मोठ्या भाजण्यात माणूस दगावतो, त्यामागे हा बांध फुटणे हे एक मोठे कारण असते.

अमेरिकेतले त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी या थराची जी उपमा रूढ केली ती आजही शिकवली जाते. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामध्ये भरलेली सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्ले म्हणजे चुना. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की या विटा एकमेकींना सूक्ष्म गाठींनीही बांधलेल्या असतात आणि त्या गाठी सोडवणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, कातडीतच असतात. पेशी वरच्या पदरात आली की विकर गाठ कापते आणि पेशी सुटून पडते, एकेकटी, डोळ्यांना दिसणारही नाही अशी. हे रोज, अंगभर, आपण झोपलेले असतानाही चालू असते.

या विकरांना दोन गोष्टी लागतात, पाणी आणि थोडीशी आम्लता. निरोगी कातडीचा पीएच साडेचार ते साडेपाचच्या आसपास असतो. हवा कोरडी झाली की वरच्या थरातले पाणी उडते, विकरे मंदावतात, गाठी सुटत नाहीत, आणि एकेकटी गळायची ती पेशी झुबक्याने अडकून राहते. थंडीत नडगीवर नखाने रेघ ओढली की पांढरी उमटते, पाय उलतात, ते यामुळे. त्या पांढऱ्या खरडीला लोक मळ समजतात आणि साबण लावून घासतात. साबणाचा पीएच नऊ-दहा. त्याने मेद धुऊन जातो, आम्लता मोडते, कोरडेपणा वाढतो आणि दुसऱ्या दिवशी खरड पुन्हा हजर. त्याच नडगीला आंघोळीनंतर ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावून बघा. पाणी आत कोंडले जाते, विकरे कामाला लागतात आणि तीन-चार दिवसांत खरड घासण्यावाचून निघून जाते. मृत त्वचा काढण्याच्या पद्धतींत पहिली पद्धत मी हीच सांगते. हिला दुकानात कुणी स्क्रब म्हणणार नाही.

आता घासण्याकडे वळू. १९५१ साली हर्मन पिंकस या त्वचाशास्त्रज्ञाने एक सोपा प्रयोग केला. कातडीवर साधी चिकटपट्टी लावायची आणि ओढून काढायची. पट्टीबरोबर मृत पेशींचा पदर निघून येतो. पुन्हा नवी पट्टी, पुन्हा पदर. असे करत वरचा थर जवळजवळ संपवायचा आणि खाली काय होते ते पाहायचे. त्याला दिसले की या ओरबाडण्याला उत्तर म्हणून तळातल्या पेशी वेगाने दुभंगू लागतात. पुढे इलायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की थर फाटला की काही तासांत कातडी नवा मेद बनवून भोके बुजवायला घेते, आणि पूर्ण डागडुजीला काही दिवस लागतात. घासणे म्हणजे कातडीला दिलेला एक निरोप असतो. हलका असेल तर ती थोडी नवी होते, जरा चकाकते. रोज आणि जोरात दिला तर ती बचावाला उभी राहते. आधी जाड होते, मग काळी पडते.

‘पण मग आपले उटणे?’ हा प्रश्न सभागृहात आत्ताच कुणाच्या तरी मनात आला असेल. उटण्याविषयी मला मनापासून आदर आहे आणि त्याची कारणे शास्त्रातली आहेत. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगानंतर उद्वर्तन सांगितले आहे. क्रम लक्षात घ्या. आधी तेल, मग चूर्ण. नरक चतुर्दशीच्या पहाटे आईने घातलेली आंघोळ आठवा. कोमट तिळाचे तेल अंगभर जिरवायचे. ते वरच्या थरात मुरते, खरड मऊ होते. मग दुधात किंवा पाण्यात कालवलेले उटणे लावायचे आणि अर्धवट वाळत आले की तळव्याने चोळायचे. चूर्ण जादा तेल टिपून घेते आणि सैल झालेल्या पेशींना घेऊन वळ्या होऊन खाली पडते. मग ऊन पाणी. चूर्ण आणि कातडी यांच्यामध्ये तेलाचा पदर राहत असल्यामुळे ओरखडा उठत नाही. आणि हा सण येतो थंडीच्या तोंडाशी, कातडी कोरडी पडायला लागते नेमकी तेव्हा.

उटण्यातले पदार्थही बघा. मुलतानी माती, मसूर किंवा हरभरा डाळीचे पीठ, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला, आंबेहळद, संत्र्याची साल, गुलाबाच्या पाकळ्या, ऐपत असेल तर चंदन. जुन्या बायका हे सगळे वस्त्रगाळ करायच्या, म्हणजे खलातून कुटून पातळ फडक्यातून गाळायच्या. त्यामुळे कण इतका बारीक होई की बोटांच्या चिमटीत रवाळ लागत नसे. उटण्याची परीक्षा सुगंधावर नको, या चिमटीवर करा. बाजारातल्या कित्येक पुड्या आज चाळणीनेच चाळलेल्या असतात. आक्रोडाच्या कवचाची भरड घातलेल्या स्क्रबचे तेच. कण जाड आणि टोकदार असतो. प्लास्टिकचे गोल मणी कातडीला त्यामानाने सौम्य होते, पण ते मोरीतून नदीत आणि नदीतून माशांच्या पोटात जाऊ लागले. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतले हे मणी बंद केले.

उटण्याबद्दल दोन सावधगिरीच्या गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. काही उटण्यांत बावची असते. बावचीत सोरालेन हे द्रव्य आहे. ते कातडीवर राहिले आणि ऊन लागले तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. कोडावर तिचा उपयोग करतात तो याच गुणामुळे, आणि म्हणूनच ती सणाच्या आंघोळीत नसावी. दुसरे, तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा गोळा त्याच्या कपाळावर, पाठीवर घासतात. ती लव काही आठवड्यांत आपोआप गळते. बाळाची कातडी पातळ असते, घासून सोलवटलेली बाळे मी पाहिली आहेत. न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईंना हे प्रेमाने पण ठामपणे सांगा. बाळाला तेल पुरे.

आता ज्यासाठी हा विषय निवडला त्या गोष्टीकडे येते.

एक मुलगी तपासायला येते. खांद्यावरची ओढणी बाजूला करते आणि गळ्याखालच्या हाडावर दोन्ही बाजूंनी तपकिरी-राखाडी पट्टा दिसतो. दंडाच्या बाहेरच्या अंगाला बारीक लहरींसारखे काळपट ठिपके. पाठ वळवायला सांगितले की मणक्याच्या उंचवट्यांवर काळे, आणि खांद्याच्या पात्यांमधला जिथे हात पोचत नाही तो भाग स्वच्छ, तिच्या खऱ्या रंगाचा. प्रश्न एकच विचारायचा, ‘आंघोळीला काय वापरतेस?’ उत्तर ठरलेले. नायलॉनची जाळी, प्लास्टिकची घासणी, क्वचित भांडी घासायचा हिरवा स्पंज. ‘किती दिवस?’ ‘लहानपणापासून. मळ निघत नाही ना, मॅडम.’

हाडाच्या उंचवट्यावर कातडी खाली दबायला जागा नसते, म्हणून तिथे सर्वांत जास्त घासले जाते. रोजच्या घर्षणाने तळातल्या पेशींना इजा होते, त्यांतले रंगद्रव्य खालच्या थरात सांडते आणि तिथल्या पेशी ते गिळून बसतात. वरच्या थरातला रंग महिन्याभरात झडून जातो, खाली सांडलेला महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे हलत नाही. काहींच्या कातडीत केराटिनपासून बनलेले अमायलॉइड साठते, त्याला मॅक्युलर अमायलॉइडोसिस म्हणतात. १९८०च्या दशकात जपानमधल्या डॉक्टरांनी नायलॉनच्या टॉवेलने अंग घासणाऱ्यांत हेच डाग वर्णन केले होते. आपल्याकडे तर दवाखान्यात बसलेल्या कुठल्याही त्वचारोग डॉक्टरला विचारा. आणि डाग दिसला की माणूस काय करतो? तिथे आणखी घासतो.

इथे मळाबद्दल थोडे बोलायला हवे. घासताना ज्या करड्या, काळपट वळ्या निघतात त्या पाहून आपल्याला वाटते, केवढी घाण होती. त्यांत धूळ आणि घाम असतोच, पण बराचसा भाग असतो आपल्याच मृत पेशी, केराटिन आणि मेद यांचा. आपल्या कातडीत रंगद्रव्याचे कण वरच्या थरापर्यंत शिल्लक राहतात, म्हणून आपल्या वळ्या गोऱ्या माणसाच्या वळ्यांपेक्षा काळ्या दिसतात. स्वच्छ आंघोळ केलेल्या माणसाच्या अंगावर ओला अंगठा जोरात फिरवत राहिलात तर वळ्या निघतीलच. त्या संपेपर्यंत घासायचे ठरवले तर रक्तापर्यंत जावे लागेल. रंग बनवणाऱ्या पेशी असतात तळाशी, जिवंत थरात. कुठलीही जाळी, दगड, पीठ किंवा साखर तिथवर जखम केल्याशिवाय पोचत नाही, आणि जखम झाली की सावळी कातडी तिला रंग वाढवूनच उत्तर देते.

याहून जास्त अस्वस्थ करते ती मानेची गोष्ट. बारा-चौदा वर्षांच्या मुलीची मान काळी, जाडसर, मखमली दिसते. काखेतही तसेच. आई म्हणते, ‘आंघोळच नीट करत नाही.’ घरात रोज त्या मानेवर वजरी चालते, लिंबाची फोड चालते, खाण्याचा सोडा चालतो आणि टोमणेही चालतात. हा मळ नव्हे. याला अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. बहुतेक वेळा तो शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचा निरोप असतो. रक्तातले इन्सुलिन वाढते, त्याने कातडीच्या पेशी वाढायला चेतवल्या जातात आणि घड्यांमध्ये कातडी दाटते. त्या मुलीचे वजन, पाळी, घरातला मधुमेहाचा इतिहास विचारायचा आणि रक्तातली साखर तपासायची. वजन उतरले, चालणे-खेळणे वाढले की मान हळूहळू उजळते. मी शिक्षकांना विनंती करते की वर्गात अशी मान दिसली तर मुलीला स्वच्छतेवरून बोलू नका. पालकांना बोलावून डॉक्टरांकडे पाठवा. पुढे होऊ शकणारा मधुमेह तिच्या मानेवर तुम्हाला काही वर्षे आधी दिसला आहे.

आता आम्लांविषयी. आजकाल सीरमच्या बाटल्यांवर ग्लायकॉलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक ही नावे मोठ्या अक्षरांत असतात आणि कॉलेजातली मुले ती सहज उच्चारतात. त्यांचा उगम मला फार महत्त्वाचा वाटतो. जर्मनीत हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसिटिक आम्लाचे कातडीवरचे परिणाम मांडले. पुढची मोठी पायरी १९७४ची. फिलाडेल्फियात यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू हे इक्थिओसिसच्या रुग्णांवर काम करत होते. या आजारात पेशी गळतच नाहीत आणि अंगभर खवले साठतात. एका प्रकारात गाठी सोडवण्याच्या आड येणारे कोलेस्टेरॉल सल्फेट साठून राहते, दुसऱ्यात फिलॅग्रिन नावाचे प्रथिन कमी असते. हा दुसरा धागा २००६ साली स्कॉटलंडमध्ये इर्विन मॅकलेन यांच्या गटाने उकलला. व्हॅन स्कॉट आणि यू यांना दिसले की फळे, ऊस, दूध यांत आढळणारी अल्फा हायड्रॉक्सी आम्ले लावली की हे खवले सुटतात. ज्यांची कातडी पेशी सोडायचे विसरली होती, त्यांच्यासाठी शोधलेले औषध आज पेशी उत्तम सोडणाऱ्या विशीतल्या चेहऱ्यांना विकले जाते. इक्थिओसिसचे मूल मात्र आजही शाळेत एकटे बसते, आणि त्याला लागणारे युरियाचे, लॅक्टिक आम्लाचे मलम रोज अंगभर लावणे त्याच्या आईवडिलांना परवडत नाही.

ही आम्ले घासत नाहीत, पेशींमधल्या गाठी सैल करतात. त्यांत ग्लायकॉलिकचा रेणू सर्वांत लहान, म्हणून तो झपाट्याने आत शिरतो आणि झोंबतोही. मँडेलिकचा रेणू मोठा, तो सावकाश जातो. सावळ्या आणि नाजूक कातडीला मी तो आधी देते. सॅलिसिलिक तेलात विरघळते, त्यामुळे तेलाने भरलेल्या छिद्रात उतरते. मुरुमे आणि काळ्या पुटकुळ्या असणाऱ्याला ते बरे, घरच्या वापरात दोन टक्क्यांपर्यंत. बाटलीवरच्या टक्क्यांइतकाच पीएच महत्त्वाचा असतो. ग्लायकॉलिकचा पीएच ३.८च्या जवळ असेल तर निम्मे आम्लच मोकळे, म्हणजे कामाचे असते. त्याहून खाली गेले की तेच दहा टक्के कितीतरी तिखट होतात. घरी वापरण्यासाठी दहा टक्क्यांपर्यंत आणि पीएच साडेतीनच्या वर, ही मर्यादा अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने घालून दिली आहे आणि ती पाळण्याजोगी आहे. दही-बेसन लावणाऱ्या आजीही लॅक्टिक आम्लच लावत होत्या, अगदी सौम्य. लिंबाचे तसे नाही. लिंबाचा पीएच दोन-अडीच, शिवाय सालीत ऊन लागताच चिडणारी द्रव्ये. लिंबू-साखर तोंडाला चोळून उन्हात गेलेल्या चेहऱ्यावरचे ओघळ मी पाहिले आहेत, ओघळाच्याच आकाराचे काळे डाग.

ऊन ही आम्लांची दुसरी बाजू आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने करवून घेतलेल्या पाहणीत चार आठवडे ग्लायकॉलिक लावलेल्या कातडीची अतिनील किरणांनी लाल होण्याची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढली होती, आणि लावणे थांबवल्यावर आठवड्याभरात ती पूर्वपदावर आली. म्हणून आम्ल रात्री, आठवड्यातून फार तर दोनदा आणि सकाळी सनस्क्रीन न चुकता. मार्च ते मे या दिवसांत विदर्भ-मराठवाड्यात दुपारी दुचाकीवर हिंडावे लागणाऱ्या माणसाला मी आम्ल देतच नाही.

डॉक्टरकडची पील वेगळी. तिथे ग्लायकॉलिक वीस ते सत्तर टक्के असते, मिनिटे मोजली जातात, कातडी गुलाबी झाली की सोड्याच्या द्रावणाने आम्ल मारले जाते. आधी दोन-चार आठवडे कातडीची तयारी करून घ्यावी लागते. सावळ्या कातडीत हात राखावा लागतो, कारण पील खोल गेली तर महिनाभराने त्या जागी डाग उमटतो. हे काम घरी नको, आणि डॉक्टर नसलेल्या पार्लरमध्ये तर नकोच. पार्लरचे डी-टॅन, क्लीनअप, ब्लीच यांबद्दल एवढेच म्हणते की लग्नाच्या आदल्या आठवड्यात नवे काहीही करू नये. हळदीच्या दिवशी सुजलेला चेहरा घेऊन आलेल्या नवऱ्या मुलीच्या हातात आम्ही काही तासांत फारसे काही देऊ शकत नाही.

आणि घासून, सोलून झालेल्या या पातळ कातडीवर शेवटी येते ते मेडिकलमधून आणलेले गोरेपणाचे क्रीम. त्यात स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असते. पहिल्या पंधरा दिवसांत चेहरा खरोखर उजळतो आणि तिथेच माणूस अडकतो. पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, लव येते, पुरळ उठते, आणि क्रीम बंद केले की आग होते. म्हणून ते पुन्हा सुरू होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टेरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. गावात जाऊन मागून बघा, चिठ्ठी मागतात का. १९७५ साली बाजारात आलेल्या फेअर अँड लव्हलीच्या नावातून २०२० साली ‘फेअर’ गेले, ही चांगलीच गोष्ट झाली. स्थळ पाहताना अजून आधी रंगच विचारला जातो, आणि तो विचारला जाईतोवर आमच्या दवाखान्यातली रांग कमी होणार नाही. इथे बसलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला मी हात जोडून सांगते, सून पाहायला जाल तेव्हा हा प्रश्न विचारू नका.

कुणी काय करावे, हे आता थोडक्यात. चेहऱ्यावर काही तक्रार नसेल तर तेल किंवा मॉइश्चरायझर, सौम्य साबण आणि सनस्क्रीन यापलीकडे काही लागत नाही. चेहरा निस्तेज वाटत असेल तर आठवड्यातून एकदा वस्त्रगाळ उटणे किंवा सौम्य आम्ल, दोन्ही एकदम नको. दंडांवर खडबडीत बारीक पुरळ असते त्यांनी ते घासू नये. ते केसांच्या तोंडाशी केराटिन साचल्याने होते. युरिया किंवा लॅक्टिक आम्लाचे मलम ओल्या अंगाला लावावे. एक्झिमा, पुरळ, सनबर्न किंवा चेहऱ्यावर वांग असेल तर घासणे पूर्ण बंद. अंगाला हात पुरेसा आहे. फारच वाटले तर घोसाळ्याची जाळी, भिजवून मऊ केलेली, आणि वापरून झाली की उन्हात वाळवलेली.

जिथे खरोखर घासायचे ती जागा म्हणजे टाच. तिथे हाच मृत थर मिलिमीटरच्या घरात जाड असतो, शिवाय अनवाणी शेतात चालणाऱ्या बाईच्या टाचेला रोज वजन, माती आणि कोरडे ऊन यांच्याशी झुंजायचे असते. पाय दहा-पंधरा मिनिटे कोमट पाण्यात बुडवायचे. मग वजरी हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायची, भेगेच्या कडांवर, भेगेच्या आत नाही. पुसून ओलसर असतानाच युरियाचे मलम, नाहीतर व्हॅसलिन, कोकणात असाल तर मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, गोव्यातले भिरंडेल. ते वितळवून भेगेत भरायचे आणि रात्री जुने मोजे घालायचे. आठवड्यातून दोनदा एवढे केले तर भेगा महिन्याभरात भरतात. लावणीच्या चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला मात्र आधी बुरशी आहे का ते बघून घ्यावे लागते.

मधुमेह्यांना यातले वजरी आणि ब्लेड दोन्ही वर्ज्य. साखर अनेक वर्षे जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात, वजरी मांसापर्यंत गेली तरी कळत नाही, आणि तेवढ्या जखमेतून पाय कापण्यापर्यंत पाळी येते. त्यांनी पाय फार वेळ पाण्यात बुडवूनही ठेवू नयेत. पाणी किती गरम आहे ते आधी दुसऱ्या कुणीतरी हाताने बघावे. कुरुपावर लावायची औषधी पट्टी मिळते. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल चाळीस टक्क्यांपर्यंत असते आणि ते कुरूप व चांगली कातडी यांत फरक करत नाही. बधिर पायाला ती रात्रभर चिकटून राहिली की सकाळी तिथे व्रण असतो. घरात मधुमेही आई-वडील असतील आणि त्यांच्या पायाला अशी पट्टी लावलेली असेल, तर आज घरी गेल्यावर ती काढा, तळवे उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांतही बघा. लाली, पाणी किंवा छिद्र दिसले तर उद्या सकाळीच डॉक्टरांकडे न्या.

आता तुमचे प्रश्न घेते.